नुसता नंबर काढून द्या

वीस वर्षं इंदिरानगरात डोळ्यांचा दवाखाना चालवतेय. किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, ते चष्म्याचा नंबर काढायला आपल्या पायांनी येतात. बाहुलीतून आत पाहिलं की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या दिसतात. शुगर, बीपी तिथे खुणा सोडून जातात. मी त्या सांगते आणि लोक माझ्यावरच चिडतात. आता मीही चिडते.

*

सिन्नरच्या कारखान्यातले एक सुपरवायझर आले होते. दोन्ही पडद्यांवर रक्ताचे ठिपके. शुगर तपासून घ्या, म्हटलं. तर म्हणाले, "मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो, मॅडम. तुम्ही नुसता नंबर काढून द्या."

वर्षभरानं बायकोचा हात धरून आले. एका डोळ्यात रक्त उतरलेलं. शुगर तपासलीच नव्हती. वर मलाच ऐकवलं, की तेव्हा जरा जोर देऊन सांगायला हवं होतं.

तेव्हापासून मी ओरडूनच सांगते.

*

एक सत्तावीस वर्षांचा मुलगा, आईबरोबर. दोन्ही बुबुळांच्या कडेला पांढरट कडं. म्हातारपणी असतं ते, या वयात दिसलं की कोलेस्टेरॉल बघावं लागतं. वडिलांबद्दल विचारलं. चाळिशीत हार्ट अटॅकनं गेले होते. मी रक्ततपासणी लिहून देत होते, तेवढ्यात आईनं विचारलं, "ते कडं लेन्सनं झाकता येईल का? पुढच्या महिन्यात लग्नाचे फोटो आहेत."

तपासणीचा कागद मी मुलाच्या हातात दिला. आईच्या नाही.

*

माझा थोरला भाऊ डॉक्टर आहे. दिवसभर लोकांचं बीपी मोजतो. त्याच्या डोळ्यांत पाहिलं, तर रक्तवाहिन्या बीपीनं आकसलेल्या. स्वतःचं शेवटचं कधी मोजलंस, तर आठवेना. मीच पट्टा बांधला. आकडा बघून म्हणतो कसा, "तुझं मशीन बिघडलंय."

*

आणि वणीजवळच्या गावातली सुनंदा. तिशीची असेल. सहा महिने डोकं दुखत होतं, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवऱ्याचं म्हणणं, कामाचा कंटाळा. त्याच्या आईचंही तेच. "चष्मा देऊन टाका मॅडम, म्हंजे नाटक बंद व्हईल," तो म्हणाला. ती खाली मान घालून बसलेली.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मुळाशी सुजल्या होत्या. दाब मेंदूत होता. आजच स्कॅन करा, म्हटलं. तो म्हणाला, द्राक्षांची काढणी झाली की बघू.

मी खुर्चीतून उठले. "काढणीपर्यंत ही आंधळी होईल. कदाचित राहणारही नाही. आत्ता गाडी काढा."

स्कॅनमध्ये गाठ निघाली. ऑपरेशन वेळेत झालं.

तीन महिन्यांनी दोघं दाखवायला आले. डोक्याला पदर घट्ट गुंडाळून सुनंदानं तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचली. नवरा दारापर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, "मॅडम, ही नाटक करत नव्हती, असं एका कागदावर लिहून द्या. आईला दाखवायचंय."

मी लिहून दिलं. तो घडी घालून खिशात ठेवणार, तेवढ्यात सुनंदानं त्याचा हात धरला.

"आधी तुमी वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."