डॉक्टरांचा ऑस्कर

१४ डिसेंबर. कांदिवलीहून डॉक्टरांचा ऑस्कर मासा मुलुंडला माझ्या दुकानात आणायचा होता. सकाळी मोठं निळं पिंप धुतलं, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तपासला, टेम्पो सांगितला. डॉक्टर ऑक्टोबरात गेले, झोपेतच. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, दुसऱ्या दिवशी मुलाकडे नागपूरला कायमच्या निघणार होत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं, "हा मासा माझ्या हातून मरायला नको."

डॉक्टर हे डॉक्टर नव्हतेच, नाव आम्हीच पाडलेलं. अंधेरीच्या एका मत्स्यप्रयोगशाळेत ते मदतनीस होते. संशोधक माशाचं रक्त काढायचे, तेव्हा मासा धरण्याचं काम यांचं. निवृत्त झाल्यावर ते माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात येऊन बसू लागले. आले की आधी माझ्याकडे बघत नसत. टाकीपासून तीन पावलं लांब उभे राहायचे आणि मनगटावरच्या घड्याळावर मोजायचे, माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात. मोजून झालं की मग, "काय गो बाय, बरी असस मा?" माझा नंबर माशांनंतर.

काचेवर टिचकी मारणाऱ्यांशी त्यांचं वैर होतं. एकदा एका गृहस्थानं एंजल माशांच्या टाकीवर टिचकी मारली. डॉक्टरांनी शांतपणे त्याच्या चष्म्याच्या काचेवर तशीच टिचकी मारली. तो तरातरा निघून गेला.

"घालवलंत ना गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"जांव दे. त्येच्याकडे मासो जगलो नसतो."

"मासो बोंब मारणा नाय, त्येचा रगात बोलता," असं ते नेहमी सांगत. भीती सगळ्यांना, पण प्रत्येक जातीचं अंग ती निराळ्या तऱ्हेनं सोसतं. रोहूला धरलं की तो जिवाच्या आकांतानं उसळतो, रक्तातली साखर भराभर चढते आणि लवकर उतरत नाही. तिलापिया काळवंडतो, पण थोड्या वेळानं खायला वर येतो. मागूर निपचित पडून राहतो. त्याला वरची हवाही घेता येते, म्हणून घाई नसते. प्रयोगशाळेत एकदा सगळ्या जाती ओळीनं धरून ठेवल्या होत्या, तेव्हा हे मोठ्या साहेबांना म्हणाले होते, "साहेब, रोहू आधी घ्या. मागूर थांबेल." साहेबांनी ऐकलं, हे ते मला निदान दहा वेळा सांगून गेले.

धंद्याच्या पहिल्या वर्षी माझे निऑन टेट्रा आणल्यावर तिसऱ्या दिवशी पटापट मेले. मी घाऊक व्यापाऱ्याला फोनवर फाडून खाल्लं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज मेलो तो मासो परवा घाबारलो." प्रवासाचा धसका बसला की रोगाशी लढायची ताकद आधी जाते. मासा दिसायला ठीक असतो, मरतो नंतर. मी पिशवी आणली की माशांना नव्या पाण्याची सवय होऊ न देता सरळ टाकीत ओतत होते. व्यापाऱ्याची माफी मागितली नाही, पण ओतणं बंद केलं.

तर कांदिवली. प्रवासाला मासा उपाशी न्यायचा असतो, नाहीतर पिंपातलं पाणी नासतं आणि त्यातच तो गुदमरतो. म्हणून दोन दिवस काही देऊ नका, असं काकूंना फोनवर बजावलं होतं. गेले तर ओट्यावर कोळंबीची सालं.

"काकू, खायला दिलंत?"

"चारच दिल्या गं. घरातून कायमचा चाललाय. रिकाम्या पोटी कसा पाठवू?"

बोलायचं ते बोलले. दुसरा दिवस हाताशी नव्हता, म्हणून त्यांच्या टाकीतलंच पाणी दोन कॅनमध्ये जास्तीचं भरून घेतलं. मासा पिंपात सोडला तसा तो कुशीवर आडवा झाला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"गेला?"

"नाही. ऑस्कर असंच करतो. धसका घेतला की मेल्यासारखा पडतो." मी घड्याळ लावून कल्ले मोजून दाखवले.

काकू पिंपावर वाकल्या. "हे म्हणायचे ना, आज मेला तो परवा घाबरला. यांनाही तसंच आधी काही झालं असेल. एका घरात होते मी, मला दिसलं नाही."

"काकू, ते काही बोलले का, छातीत दुखतंय म्हणून?"

"नाही."

"माणसाला तोंड आहे. ते बोलले नाहीत, तर तुम्ही काय मोजणार होतात?"

 पिंपाचं झाकण त्यांनीच लावलं.

गोरेगावच्या पुढे माशानं कोळंबी ओकली. पाणी गढूळ झालं, कल्ले धडाधड उघडायला लागले. टेम्पो कडेला घ्यायला लावला, तुकडे जाळीनं काढून फेकले, निम्मं पाणी उपसून कॅनमधलं भरलं. मुलुंडला टाकीत सोडला तेव्हाही तो आडवाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर केलं, दिवे लावले नाहीत. ऑस्कर कोपऱ्यात होता, काळवंडलेला, पण सरळ. कल्ले मोजले. कालच्यापेक्षा बरेच संथ होते. तेवढ्यात काकूंचा फोन आला. सामान खाली उतरलं होतं.

"कसा आहे?"

"उभा आहे."

"कोळंबी बाधली नाही ना गं त्याला?"

"नाही. जिरली."

फोन ठेवला आणि टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं, दुकानातली वर्दळ त्याला दिसू नये म्हणून.