दिगूनं धरून ठेवलेलं रडणं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी चालू होती आणि मी खिचडीच्या रांगेपाशी उभी होते. फोन त्याच्या कंपनीतल्या अन्वरचा. जेवण उरकून दिगू मशीनकडं निघाला, छातीत कळ आली म्हणून बियाण्याच्या पोत्यावर टेकला आणि बसल्या जागी संपला. मी ऐकून घेतलं. त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकते, कारण गोडगोड लिहायला मला जमत नाही. मनात आलं... मेल्या, आता तो व्हिडिओ कोण काढून टाकणार? रडू त्यानंतर आलं, तेही पुष्कळ वेळानं. आधी नुसता संताप आला, इतका की खिचडी वाढणाऱ्या बाईंनी मला खुर्ची आणून दिली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलणाऱ्यांची काही कमी नाही. दिगूभाऊ गावाचा आरसा होता, दिगूभाऊनं आपल्या मातीची ओळख साता समुद्रापार नेली, असलं काहीबाही लोक त्याच्या चॅनलखाली अजून लिहितात आणि शेवटी हात जोडल्याची चित्रं टाकतात. यातल्या किती जणांनी त्याच्या आईला एक फोन केला? तेव्हा चांगलं त्यांनी बोलावं. मी त्याची चुलतबहीण, त्याला कडेवर घेऊन फिरलेली, आणि त्यानं ज्यांचं नुकसान केलं त्यात पहिली. मला जे माहीत आहे ते मी लिहिते.

दिगंबर माझ्या काकाचा एकुलता एक. काका लवकर गेले. लग्नाचं नाव काढलं की दिगू उठून बाहेर जायचा, त्यामुळं घरात काकू आणि तो, दोघंच. गाव जांब समर्थच्या वाटेवर. तिथून तो रोज मोटारसायकलवर जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला यायचा. मी लग्न होऊन नवीन जालन्यात आले, इथंच शाळेत लागले. एका रविवारी सकाळी तो दारात उभा. म्हणाला, अक्का, चल, कॅमेरा घ्यायचाय. मी म्हटलं, मोबाइल आहे की. तर म्हणे मोबाइलमध्ये पिक्चर हलतंय. दुकानदार इंग्रजी बोलला तर काय, या भीतीनं त्याला मी बरोबर हवी होते. दुकानदार आमच्यापेक्षा पक्का मराठवाड्याचा निघाला ही गोष्ट वेगळी. कॅमेरा म्हणजे केवढा, मुठीत मावणारा. मी म्हटलं, अरे, हे पोरांचं खेळणं दिसतंय. दिगूनं तो माझ्या तोंडासमोर धरला, मागच्या पडद्यावर मला माझंच तोंड दाखवलं आणि म्हणाला, "अक्का, हाय डेफिनेशन हाये. डोळ्यातलं पाणी बी सुटं सुटं दिसतंय बघ." मी हसले. त्या दिवशी रसवंतीत बसून आम्ही रस प्यालो आणि त्यानं रसाच्या चरकाचंही शूटिंग केलं.

मग त्यानं चॅनल काढलं आणि सुरू झाली त्याची उठाठेव. मोसंबीची बाग, बैलांचा बाजार, जांबचा उत्सव, कुणाची हळद, कुणाचं भांडण. कंपनीतून आला की चहाच्या आधी कॅमेरा. काकू सकाळी मशेरी लावत बसलेली, तेसुद्धा टाकलं. दुबईहून कुणी लिहिलं की आजी गोड आहे, तर हा काकूला वाचून दाखवतो आणि काकू तोंड धुवायला उठते. मी त्याच्याकडं जेवायला गेले तर भाकरी मोडण्याआधी म्हणायचा, थांब, परत मोड. घरात कुणाला मोकळेपणानं जांभई देता येईना. पण गावाला चटक लागली होती. चॅनलवर आपण दिसलो का, हे विचारायला बाया काकूकडं यायच्या. कौतुकानं माणूस किती चढतो ते मी दिगूत पाहिलं.

आणि मग माझी आई गेली.

आमच्याकडं मातीला बायका नुसत्या रडत नाहीत, शब्द घालून रडतात. आलेली बाई दारातूनच हेल काढते, घरातल्या बाईच्या गळ्यात पडते आणि मनात असेल नसेल ते सगळं बोलते. लेक आली की तिनं भावजयीला बोल लावायचा, हे तर ठरलेलंच. माझे माय, सुनेच्या हाताखाली तुझे हाल झाले गं, पाण्याला मोताद झालीस गं. माझ्या आत्यानं आमच्या आजीच्या मातीला माझ्या आईला याहून वाईट बोललेलं मी ऐकलं आहे, आणि राख सावडून आल्यावर त्याच दोघी एका ताटात जेवताना पाहिल्या आहेत. कारण रडताना बोललेलं धरायचं नसतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, प्रत्येक बाईला ठाऊक असतं. वर्षभर तोंडाला कुलूप लावून जगणाऱ्या बाईला तेवढा एक दिवस मोकळा असतो. त्या दिवशीचं त्या दिवशी संपतं.

मीही बोलले. धाकट्या भावाची, रमेशची बायको शारदा, तिच्या गळ्यात पडून बोलले. सुनेची भाकर तुला कडू लागली गं, लेकीकडं आली असतीस तर दोन घास सुखाचे खाल्ले असतेस गं. शारदानं आईचं सगळं अंथरुणात केलं होतं हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि अंगणात बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. शारदा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. दिगू भिंतीला टेकून उभा होता, मूठ छातीशी धरलेली. आईचा तो लाडका होता, मला वाटलं छातीशी हात धरून रडतोय.

तेराव्यानंतर त्यानं ते टाकलं. वर नाव दिलं, 'आईसाठी लेकीचा आक्रोश.' खाली बासरी लावली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. लोकांनी पाहिलं, पुढं पाठवलं, पार कुठल्या कुठं गेलं. आणि ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांनी माझा शब्दन् शब्द खरा धरला. असल्या सुनेला चौकात उभं करा, असं खाली लिहिलं. कुणीतरी शारदाच्या तोंडाभोवती लाल गोल काढून ते परत फिरवलं. तिची मुलगी कॉलेजात, तिला पोरी विचारायला लागल्या की तुझ्या मम्मीनं आजीला उपाशी मारलं का गं. पोरीनं कॉलेजच सोडायची भाषा सुरू केली.

मी धावत गावी गेले. शारदा ओट्यावर उभी होती. मला आत या म्हणाली नाही. शांत होती, तेच जास्त वाईट. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्या दिवशी बोलल्या ते म्या धरलंच न्हाई. पण आता तुम्ही रोज बोलून राह्यल्या. रोज सकाळी उठून कोणी ना कोणी लावतंय अन् तुम्ही बोलून राह्यल्या. जोवर ते चालू हाये, तोवर ह्या उंबऱ्यात पाय नका ठिवू." रमेश मागं उभा होता, खाली मान घालून. ती बरोबर बोलत होती. मी तशीच बसस्टँडवर आले. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ-भावजय, आणि ते दार असं बंद झालं. त्या वर्षी भाऊबीज झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

दिगूच्या मी किती पाया पडले आणि त्याला किती शिव्या दिल्या, याचा हिशेब नाही. तो कधी उलट बोलायचा नाही, हाच तर वैताग. "अक्का, लोकं रडू राह्यले बघून. जे लोकं आपल्या मायला फोन करत न्हाईत ते फोन करून राह्यले. तू म्हणतीस काढ." मी म्हटलं, तुझ्या लोकांची माय गेली खड्ड्यात, माझं माहेर गेलं. मग तो म्हणायचा, काढतो, बिलकुल काढतो, एवढा पोळा होऊ दे. पोळा झाला. दिवाळी झाली. जांबचा उत्सव झाला. त्यानं काढला नाही. माझ्या आईला तो मोठीमाय म्हणायचा; मोठीमायचा शेवटचा दिवस आहे अक्का, हात होत नाही, असं एकदा म्हणाला. मी फोन आपटला. त्यानंतर आम्ही बोललो नाही आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत अन्वरचा फोन आला. चॅनलचा पासवर्ड दिगूनं कुणाला सांगितला नव्हता. अन्वरला नाही, काकूला तर नाहीच. त्याच्या फोनचंही कुलूप उघडेना. म्हणजे तो व्हिडिओ आता कायमचा. जिवंत होता तोवर निदान भांडता तरी येत होतं.

मी मातीला गेले तेव्हा अंगण भरलेलं होतं आणि आवाज कुठंच नव्हता. बायका बसलेल्या, तोंडाला पदर लावून, मुकाट. कुणी हेल काढेना, कुणी कुणाच्या गळ्यात पडेना. का ते मला लगेच समजलं. पोरांच्या हातात मोबाइल होते, आणि दाराच्या चौकटीशी अन्वर दिगूचा तोच कॅमेरा घेऊन उभा होता, डोळे सुजलेले. दुसरीकडं कुठं टाकून चॅनलच्या लोकांना दर्शन द्यायचं म्हणत होता. मधोमध काकू. तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कोणीच बोलंना का माझ्या लेकराला? मुकंच न्यायचं का त्याला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यानं गावातल्या बायकांची तोंडं शिवली त्याच्या आईलाच आता रडणारं कुणी मिळेना. मी उठले. पोरांना म्हटलं, ज्याचा मोबाइल वर दिसेल त्याचा मी विहिरीत टाकीन. त्यातले बरेचसे मी मास्तरीण म्हणून मला बिचकणारे, त्यांनी खिशात घातले. अन्वर घुटमळला, म्हणाला, भाऊला आवडलं असतं. मी म्हटलं, भाऊला आवडलं असतं म्हणूनच बंद कर. त्यानं बंद केला आणि माझ्या हातात दिला. मी तो मुठीत धरून खाली बसले.

तरी कुणी तोंड उघडेना. मग कोपऱ्यात हललं ते शारदा. तिनं आधी भिंतीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, पोरांच्या हातांकडं पाहिलं. पदर खोचला, काकूच्या गळ्यात पडली आणि हेल काढला. दिगूभाऊ ओ, माझं तोंड जगाला दाखवून कुठं निघालात ओ. सासूचं हगणंमुतणं म्या काढलं ओ, अन् जग म्हणलं म्या उपाशी मारली ओ. माझी पोरगी तोंड लपवून फिरली ओ. अन् माझी नणंद, शिकल्याली नणंद, तिनं बी माझी लाज न्हाई राखली ओ... तिनं मला काहीच बाकी ठेवलं नाही. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. बाकीच्या बायकांना वाट सापडली. सगळं अंगण बोलायला लागलं. काकूनं शेवटी दिगूला हाक मारली.

तेवढ्यात शारदा काकूला सोडून माझ्याकडं वळली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं अंग तापलेलं होतं. ती म्हणाली, "वन्सं बाई वं, दोन दिवाळ्या तुमच्या भावाचं कपाळ कोरडं राह्यलं वं... या वं घरी... या वं..."

मीही रडले. काय बोलले ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. शारदानं मला जेवायला वाढलं, आणखी भात घेता का विचारलं, एवढंच. मग रमेशच्या मागं मोटारसायकलवर बसून ती घरी गेली. त्याला महिना होत आला. फोन नाही, निरोप नाही. तो व्हिडिओ चालूच आहे, आज सकाळीसुद्धा खाली कुणीतरी हात जोडून गेलं आहे. मी रोज विचार करते की शारदानं मला बोलावलं की नाही बोलावलं. आणि रीतीनं बघितलं तर नाही. रडताना बोललेलं धरायचं नसतं, हे मीच वर्षभर दिगूला ओरडून सांगितलं होतं. तिनं मला लावलेले बोल मी धरले नाहीत, मग तेवढं 'या वं' कोणत्या तोंडानं धरू?

कॅमेरा त्या वेळी माझ्याच मुठीत होता, आणि बंद मीच करवला होता. दिगू असता तर त्यानं माझं ऐकलं नसतं. नालायकानं ते 'या वं' बरोबर धरून ठेवलं असतं, खाली बासरीसुद्धा लावली असती, आणि मी ते रोज सकाळी उठून लावलं असतं.