पोरीच्या नावामागचं नाव

राजेशने मला फसवलं. माझ्या नवऱ्याने. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच सांगितलंय. कंपनीत रात्रपाळी आहे म्हणून डबा घेऊन निघायचा आणि बदलापूरला दुसऱ्या बाईच्या घरी बसून तो डबा खायचा. डबा मी केलेला! पण त्यानंतर मी कोणाला फसवलं, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. मध्ये अडखळले तर समजून घ्या — हे सांगायची सवय नाही.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये माझा जीन्सचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे आठ मशिनी आणि वर एक पोटमाळा. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या कारखान्यात धागे कापण्यापासून. मला कोणी काही दिलेलं नाही. जे आहे ते भाव करून, भांडून मिळवलंय. तोंड तिखट आहे, तेही खरं. शेजारी नानिकशेठ चेन-बटणं विकतात, ते म्हणायचे, "शोभाबेन, तुमसे तो हम सिंधी लोग भी डरते हैं." मला ते ऐकायला आवडायचं.

घटस्फोटाचा अर्ज मी टाकला. आणि ह्याने काय करावं? तारखेला यायचंच नाही. आलाच तर वकील नवा. नव्या वकिलाला कागद वाचायला मुदत हवी. एकदा तर जज्जसाहेबांसमोर हात जोडून म्हणाला, मला बायकोला नांदवायचंय. नांदवायचंय? कुठे — त्या बाईच्या घरात? तीन वर्षं अशी गेली. दर तारखेला मी कारखाना बंद ठेवून जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. आजही आठवलं की डोकं फिरतं. ह्या माणसाला कोणी विचारणार आहे की नाही?

हा राग खरा आहे. म्हणून तर पुढचं सगळं त्याच्याखाली इतकं छान झाकलं गेलं.

एका दुपारी तो स्वतः कारखान्यात आला. कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. कारागीर जेवायला गेले होते. म्हणाला, "शोभा, संपवू आता. तू सांगशील तिथे सही करतो. अंबरनाथचं आपलं घर तू ठेव, मला काही नको."

तीन वर्षं मी ज्यासाठी झगडले ते समोर येऊन बसलं होतं. हो म्हणायचं होतं, बस. पण धंद्यात माझा एक नियम आहे: जो स्वतः चालत येतो, त्याची गरज मोठी. त्या बाईने लग्नासाठी लकडा लावला असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. आणि पहिल्याच भावाला हो म्हणणं मला येत नाही. मी म्हटलं, "सायलीच्या नावामागून तुझं नाव काढायचं. माझं लावायचं."

मला ते हवं होतं का? खरं सांगू? त्या क्षणापर्यंत ते माझ्या डोक्यातही नव्हतं. सायली आमची पोरगी. दर रविवारी ती त्याच्याबरोबर फिरायला जायची, हसत परत यायची. त्याला कुठे दुखेल तेवढं मला नेमकं माहीत होतं.

तो म्हणाला, "ते नको. बाकी काहीही माग."

"मग चालू पड."

तो उठला. पायरी उतरला. मी मान वर केली नाही. पायरी उतरलेलं गिऱ्हाईक चार पावलं जातं आणि वळतं, हे मी आयुष्यभर बघत आले होते. तो वळला नाही.

नानिकशेठ दुकानातून बघत होते. "क्या बोला भाई?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं — "घर मांगता है. घर दो, तो साइन करूँगा." असं का बोलले? कारण खरं बोलले असते तर मूर्ख मी ठरले असते.

शेठ हळहळले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. सायली तेव्हा पंधरा वर्षांची होती. क्लासवरून कारखान्यात आली ती तेच ऐकून. "मम्मी, खरंच? पप्पा घरासाठी अडवतायत?"

मी हो म्हणून मान हलवली. तेवढंच. एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुढच्या रविवारी तो आमच्या बिल्डिंगखाली स्कूटर लावून उभा राहिला. सायली गॅलरीत गेली नाही. त्यानंतर तो पुष्कळ रविवार आला. मी पडद्याआडून बघायची, आणि मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. मग तो यायचा थांबला आणि कोर्टात पुन्हा हट्टाला पेटला. आणखी तीन वर्षं गेली. लोक मला म्हणायचे, बाई, केवढं सोसतेस. मी म्हणायची, काय करणार.

गेल्या महिन्यात दोघांनी सह्या केल्या. तोही थकला होता, मीही. घर माझ्याकडेच राहिलं, त्याने मागितलंच नाही. नावाचा विषय मी काढला नाही. बाहेर आल्यावर त्याने सायलीला विचारलं, "बरी आहेस ना गं?" ती त्याच्याकडे न बघता निघून गेली. रिक्षात बसल्यावर मात्र मला म्हणाली, "घर नकोच होतं, तर हा माणूस एवढी वर्षं भांडला कशासाठी?"

मी म्हटलं, "त्यालाच माहीत."

गल्लीतलं बोलणं त्याच्याही कानावर गेलंच असणार. मग त्याने तिला खरं का नाही सांगितलं? एका वाक्याचं काम होतं! मला ह्याचाही संताप येतो. गप्प राहून त्याने मला त्या खोट्यात एकटीला ठेवलं. पण ते खोटं बोललं कोण?

आता सायली अठराची झाली. परवा म्हणाली, "मी नाव बदलून घेतेय. सायली शोभा. त्याचं नाव नको मला." सोमवारी त्या कामाला जायचंय, मलाही चल म्हणते. माझ्यासाठी करतेय, असं तिला वाटतं. चेहरा इतका खूश होता तिचा.

सोमवारच्या आधी मी तिला सांगणार आहे. माफी मागणार नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा तिच्याकडून काहीतरी घेणंच. रात्रपाळीचा जाब राजेशने द्यायचाय, तो मी त्याला सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण त्या मान हलवण्याचा जाब माझ्याकडून घ्यायलाच हवा, आणि तो सायलीने घ्यावा. तोंडावर, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असा.