घासून गेलेला नंबर

लवू मिस्त्रींनी बंदुकीच्या पोलादावरून अंगठा फिरवला, भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली धरून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, ही घासली कोणी?"

सुभद्रा मुलाबरोबर, विकासबरोबर, गिरगावातल्या त्या बंदुकांच्या दुकानात आली होती. नवरा, राजाराम, गेल्यापासून त्याची एकनळी बंदूक वर्षभर तिथेच जमा होती.

"मीच," ती म्हणाली. "दर खंडेनवमीला. आधी चिंच नि राख, मग भांड्यांची पावडर."

"आई, बंदूक होती ती, तपेलं नव्हतं!"

"पूजेत मांडायची वस्तू. काळीकुट्ट कशी मांडू?"

मिस्त्री हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तीस खंडेनवम्यांत पोलादावर कोरलेला नंबर पार गुळगुळीत झाला होता.

गिरणी बंद पडली तेव्हा राजारामनं ही जुनी बंदूक घेतली होती. स्वतःचं हत्यार असेल त्याला बँकेच्या दारावर नोकरी मिळायची. तीस वर्षं तो दारात उभा राहिला, एकदाही बार काढला नाही. शेजारणी म्हणायच्या, उभंच तर राहायचं असतं. पण दरोडेखोराला आधी दिसतो तो उभा असलेला माणूसच, हे सुभद्राला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. लालबागच्या खोलीत ती रोज जिन्यावर त्याची पावलं वाजेपर्यंत भात टाकत नसे.

आता विकासची पाळी. शिवडीचं गोदाम बंद झाल्यापासून आठ महिने तो घरी होता. बँकांचे पैसे पोचवणाऱ्या गाडीवर गनमन हवा होता, बंदूक ज्याची त्याची. वडिलांच्या बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करायचा अर्ज त्यानं आईला न विचारताच भरून टाकला. आता दुकानानं लिहून द्यायचं होतं की बंदूक तीच आहे आणि चालू आहे.

"बेल्जियमची आहे, एवढं नक्की," मिस्त्री म्हणाले. "नळीच्या बुडाशी अंड्यासारख्या शिक्क्याची अर्धी कड राहिलीय. पण अशा हजारो आल्या. नंबराशिवाय ही राजारामचीच कशावरून? नळीखाली कधीकधी दुसरा नंबर असतो. पण तो झाकणारं हे लाकूड तडकलंय, वरून पितळी पट्टी ठोकून जाम केलंय. काढताना फुटेल. काढू?"

"नको," सुभद्रा झटकन म्हणाली. "त्यांच्या हातची पट्टी आहे ती."

पट्टी त्याच्या हातची होती, हे खरंच. पण ती ठोकण्याआधी राजारामनं जमिनीवर पेपर पसरून तिला आतला आकडा दाखवला होता. "हितं कोणाचा हात पोचत नाय," तो म्हणाला होता, "तुझापण." ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. नंबर नाही तर बंदूक नाही, बंदूक नाही तर गाडी नाही. दुसरी नोकरी मिळेल. पोरगा दुसरा कुठून आणू?

मिस्त्रींनी भिंग खाली ठेवलं. "मग मला पोलिसांना कळवावं लागेल, वहिनी. नंबर खोडलेलं हत्यार म्हणजे गुन्हा. कोणी खोडला, हे विचारणारच ते."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी घासला म्हणून सांगा, काका," विकास म्हणाला.

"अरे, असं कसं..."

"सांगा हो. तिला काय ठाण्यात बसवू?"

आठ महिने हाच मुलगा तिच्या प्रत्येक शब्दावर खेकसत होता.

"भावजी, काढा ते लाकूड. फुटलं तर फुटू दे. आत आकडा आहे. मी बघितलाय."

विकासनं तिच्याकडे पाहिलं. आईनं ते का लपवलं, हे त्याला कळलं.

पट्टी निघाली, लाकूड कडेनं चिरलं, आणि घट्ट झालेल्या काळ्या तेलाखाली परवान्यातले पाचच्या पाच आकडे सापडले.

पुढचं काम मिस्त्रींच्या हातचं होतं. काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचं टोक गंजून मोडलं होतं. त्यांनी लेथवर नवी पिन काढली, घोड्याची मेलेली स्प्रिंग बदलली, लाकूड सांधलं. आठवड्यानं मायलेक पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी खोटं काडतूस घालून बंदूक विकासच्या हातात दिली. "भिंतीकडे धर. हां, ओढ."

खट्.

विकासच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तकाकी आली. तो सही करायला आतल्या टेबलाकडे गेला.

"भावजी," सुभद्रानं हळूच विचारलं, "एक बार उडाला, की पुढचा?"

"एकनळी ना ही. बिजागरीवर मोडून उघडायची, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं. सवय झाली की चार-पाच सेकंद."

विकास पाठमोरा उभा होता, खांदे अगदी बापासारखे. त्या पाठीकडे बघत ती मनात ते सेकंद मोजू लागली. तीनपर्यंत आली, आणि तिला पुढचा आकडा मोजवेना.