मुख्य शाखेचं नाव बदललं तेव्हा

मोहाडीजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी धानाला पाळीनं सोडतात. सोडणारा पाणकर म्हणजे माझे काकाजी. कोणाची पाळी कधी, हे चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यात. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करू लागलो आणि मला शहाणपण सुचलं. पाळ्यांची यादी मी गिट रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोग्रामर लोक फायली ठेवतात तशा इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवू लागलो. गावच्या पाणी समितीच्या खोलीतला कॉम्प्युटर रोज सकाळी तिथून ताजी यादी ओढायचा आणि छापायचा. पाणी कागदाप्रमाणेच सोडायचं, असा समितीनं ठरावही केला. इथं नेट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून नवी यादी मिळाली नाही तर मुकाट्यानं जुनीच छापायची, ही सोय माझीच.

त्या हंगामात मी रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेचं, म्हणजे ताजी यादी जिथं असते त्या कप्प्याचं, नाव बदललं. सॉफ्टवेअरवाल्यांत सगळीकडे 'मास्टर'चं 'मेन' होत होतं, म्हटलं आपलंही होऊ दे. सर्व्हरवर 'मेन' मुख्य ठरवली, 'मास्टर' पुसून टाकली. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चाललं. समितीचा कॉम्प्युटर अजून 'मास्टर'च शोधतो आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोन आला. "आजबी कालचीच नावं आली बापा. आज तं शेवटच्या बांधीवाल्या बाईची पाळी होती."

मी मीटिंगमध्ये होतो. चिडून म्हणालो, "कागदावर आहे तसंच करा ना जी."

त्यांनी तसंच केलं. पाच दिवस. बाई एकटी, तिची बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, एकच, आणि धान ऐन निसव्यात, लोंबी बाहेर पडायच्या वेळी. लोंब्या पोचट राहिल्या.

सहाव्या दिवशी मला चूक सापडली. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. संध्याकाळी गाव जमलं, पाळी कशी चुकली म्हणून विचारणा झाली. काकाजी उभे राहिले.

"चूक माही आहे. आता ध्यानात नाई राहात."

कागदाचं नाव त्यांनी काढलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाणकराचं काम त्यांनी तिथंच सोडलं. मी मागे बसून होतो, आणि गप्प राहिलो. तेव्हाही लाज वाटत होती, अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात बाजारात ती बाई भेटली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती.

"तुह्या काकाजीले काय झालं बाबू? असा चुकनारा मानूस नव्हता तो."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"वय झालं ना मावशी आता त्याईचं," मी म्हणालो.