काठी उभी, आतोबा बसलेले

आमच्या आतोबांइतका चुळबुळ्या माणूस यमुनेच्या अलीकडे-पलीकडे दुसरा झाला नसेल. त्यांच्या पायाला भिंगरी होती म्हणणं हा भिंगरीचा अपमान. ती निदान एका जागी फिरते. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते चहासुद्धा उभ्याने घेत. आत्या सांगायची, "लग्नात भटजींनाही म्हणाले होते, जरा लवकर आवरा." पुढे ते निवृत्त झाले, आत्या गेली, आणि फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरात, जिथे रस्त्यांच्या आधी घरांना नंबर मिळाले होते, तिथे घर बांधून ते एकटेच राहायला गेले.

त्याच सुमारास एका गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी हातात काठी दिली. आतोबांनी ती घेतली, पण टेकायला नव्हे. कुत्री हाकलायला, नालीची खोली बघायला, बस थांबवायला आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांच्या बांधकामांवर रोखायला. तेव्हा तिथे रोज कुणाचा तरी पाया खणला जाई, आणि प्रत्येक खड्ड्याच्या काठावर आतोबा हजर! जन्मभर फायली हाताळलेला हा माणूस मिस्त्रीला काठीने दाखवून सांगे, "भाईसाब, ये दीवार टेढ़ी जा रही है." मिस्त्री "हां बाऊजी" म्हणून विटा रचत राही. कुणी पाहत नाही अशी खात्री झाली की मात्र काठी हळूच जमिनीला लागे. मी मागून येत असलो की मुद्दाम खोकायचो. तेवढ्यात ते ती उचलून घेत.

हे सगळं नाटक त्यांच्या एकुलत्या मुलीसाठी, पुण्याच्या ताईसाठी होतं. तिने बजावलं होतं, "बाबा, काठीशिवाय चालता येईनासं झालं की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. बिल्कुल वाद घालायचा नाही." ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. "तिथं मला सोफ्यावर ठेवतील रे," आतोबा मला म्हणाले होते. थट्टेत म्हणाले, पण घाबरले होते.

नव्या घरातल्या पहिल्या पाडव्याला ताई साखरेच्या गाठी घेऊन आली. मीही गेलो होतो. ऐन वेळी लक्षात आलं की गुढीला काठीच नाही. समोरच्या घराला परांची बांधलेली होती. "एक बांबू मागून आणते," म्हणत ताई निघाली.

"सणाला मागून आणलेली काठी?" आतोबा कडाडले. "ही काय वाईट आहे? नाहीतरी मला ती लागत नाही!" मी डोळे मोठे केले, पण ते बघतायत कशाला! काठीला आत्याची रेशमी साडी बांधली, कडुनिंब, गाठी, वर तांब्या. काठी आखूड, म्हणून स्टुलावर चढवून फाटकाच्या खांबाला आवळली. पूजा झाली, आतोबा ऐटीत खुर्चीत बसले, आणि मग त्यांना आठवलं की गुढी संध्याकाळपर्यंत उतरवत नाहीत.

आतोबा इतका वेळ बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. श्रीखंड-पुरी खुर्चीतच झाली. दिल्लीकडे पाडव्याची सुट्टी कसली. दुपारी समोर स्लॅब टाकायला सुरुवात झाली. "अरे, पाणी जास्त घालतायत यार! बघ ना जाऊन!" मी हललो नाही. शेवटी ते उठलेच. भिंत धरली, मग खिडकीचे गज, मग दाराची चौकट. चौकटीपुढे धरायला काही नव्हतं. तिथेच थांबले. ताई स्वयंपाकघरातून बघत होती, आणि मी खोकायला विसरलो होतो.

"जरा पाय मोकळे करत होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

ऊन कलल्यावर ताईने गुढीला हळदकुंकू वाहिलं, गूळ ठेवला, गुढी उतरवली, साडी सोडून घडी घातली आणि काठी वडिलांच्या हातात दिली. "आता नीट टेका. चला, तो बिघडलेला स्लॅब दाखवा मला."

"आणि सामान?"

"राहू दे कपाटात."

त्यानंतर आतोबा बरीच वर्षं तो सेक्टर पालथा घालत होते, उघड उघड काठी टेकत. आता तिथे एकही प्लॉट रिकामा नाही, आणि काठी माझ्याकडे आहे. दर पाडव्याला गुढीसाठी मी आठवणीने बांबू आणतो. काठी दाराशी मोकळी ठेवतो. न जाणो, आतोबांना कुठे निघायचं असेल.