भरदुपारची कमान

सरवरी पिंजारीण हट्टी आहे असं सगळं गाव म्हणायचं, पण किती हट्टी ते गावाला त्या हिवाळ्यातच कळलं. नवऱ्याचा, हबीबचा, खांदा बैलगाडीवरून पडून कायमचा कामातून गेला, तेव्हा तिनंच कापूस पिंजायची कमान उचलली. बाईमाणसानं कमान वाजवायची म्हणून लोक हसले. तिनं हसणाऱ्यांच्याच गाद्या पिंजून दिल्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि घाटाखालच्या या गावालाही म्युनिसिपालटी आली होती. तिचे अध्यक्ष भगवानराव वकील. माणूस तसा वाईट नव्हता, पण दुपारची झोप मोडली की त्यांच्या डोक्यात राख जायची. त्यांनी नियमच करून घेतला, की वस्तीत दुपारच्या जेवणापासून उन्हं कलेपर्यंत कुणी ठोकठाक करायची नाही. पिंजाऱ्याच्या कामाची वेळ नेमकी तीच. सकाळी कापूस दवानं ओलसर असतो, कमानीच्या तातीला, म्हणजे ताणलेल्या दोरीला, चिकटून बसतो. त्याला आधी ऊन द्यावं लागतं. या एका नियमानं सरवरीच्या पोटावर पाय आला.

घाटावरच्या गावात तिचा भाऊ रहेमतुल्ला राहायचा. इकडंच राहायला या, असा त्यानं निरोप धाडला. हबीबचं मन तयार झालं. सरवरी मात्र एकटीच घाट चढून गेली आणि भावाच्या घराआधी तिथल्या म्युनिसिपालटीत जाऊन उभी राहिली. कारकुनानं नियम वाचून दाखवला. तिथं दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत आवाज बंद, दिवसा ज्यानं त्यानं आपलं काम करावं. तो तिनं पुन्हा वाचायला लावला आणि भावाला भेटून परत निघाली.

"अवं, आलीच आहेस त राह्य ना," भाऊ म्हणाला.

"मी नियम पाहाले आली होती. घर हाये मले," ती म्हणाली.

गावी येताच ती भगवानरावांकडं गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "घाटावर हवा थंड. तिथं दुपारी कोन झोपते? आपल्याकडचं ऊन पाह्य. जसं गाव तसा नियम."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तिला ते जास्त झोंबलं. "अन् हिवाळ्यात, साहेब? माहं काम त हिवाळ्याचंच हाये."

"नियम बारमाही असते," वकील म्हणाले आणि आत गेले.

सरवरीनं कमान खुंटीला टांगली आणि पोटासाठी कापूस वेचायला शेतात जाऊ लागली. थंडी वाढली तशी घराघरातून बोलावणी आली. ती सगळ्यांना एकच सांगायची, नियम आहे. गाद्या घाटावर पाठवाव्यात तर तेही जमेना. कापसाची अदलाबदल होऊ नये म्हणून तो घरच्याच अंगणात, डोळ्यांदेखत पिंजून घ्यायची इथली रीत. बायका आता भगवानरावांच्या नावानं बोटं मोडू लागल्या.

त्यांच्या बायकोनं, गोजरबाईनं, तर सरवरी येणारच असं धरून गादी उसवली होती. कापसाचा ढीग अंगणात उन्हाला पडला, रिकामी खोळ दोरीवर वाळत राहिली आणि अध्यक्ष सतरंजीवर कूस बदलत राहिले. शेवटी त्यांनीच सरवरीला बोलावणं धाडलं.

"कर बाई तुहं काम," ते दुसरीकडं बघत म्हणाले. "म्या काही आयकलं नाई असं समज."

त्या ढिगात तिची आठवड्याची भाकरी होती. कापूस वेचून बोटं फाटली होती. क्षणभर तिचं मन हललं, नाही असं नाही.

"नाई साहेब," ती म्हणाली. "तुमच्या अंगणात वाजवली अन् शेजारच्या अंगणात नाई, त मी चोरटीच झाली. हिवाळ्यापुरता घाटावरचा नियम इथं आना. उन्हाळ्यात झोपा खुशाल, तवा कोनी गादी पिंजत नाई."

"काऊन हो, बरोबरच बोलून राह्यली थे," गोजरबाई दारातून म्हणाली. "अन् कापूस आता असाच राहीन. मी काही खोळीत भरत नाई."

पुढल्या बैठकीत नियम बदलला. दवंडीवाला अजून बाजारपेठेत ओरडत होता तोवर सरवरीनं भगवानरावांच्या अंगणात तात ताणली होती.

हबीब घरी उंबऱ्यात बसला होता. भरदुपारी तो टणत्कार गल्लीत आला तसे त्याचे डोळे भरून आले. बायकोला कमान वाजवताना पाहायला तो आजवर कधी गेला नव्हता. लोक काय म्हणतील याची लाज आड यायची. आज तो उठला, वकिलांच्या अंगणात सगळ्या बायाबापड्यांसमोर तिच्याजवळ जाऊन बसला आणि धड हातानं कापूस तिच्यापुढं सारू लागला.